सैनिकाचा गृहस्थाश्रम

गेल्या महिन्यांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून घरची सारी मंडळी ओसरीवर बसली होती. सूनबाई दुसऱ्या दिवशींच्या भाजीसाठीं गवार मोडीत होती, आमच्या सौभाग्यवतींचा वाती वळण्याचा नित्यक्रम चालला होता, आणि मी चष्म्याआडून नात काय वाचते आहे तें न्याहाळीत होतों. नात यंदां अकरावींत गेली. गणितांत तिची गति चांगली; संस्कृतांत मात्र, आजोबा जन्मभर संस्कृत शिकवीत आले असतांही, बेताचीच. पुस्तकांतून डोकें वर करून ती एकाएकीं म्हणाली, "आजोबा, परमवीरचक्र लढणाराला देतात ना? मग रस्ता करणाराला कसें दिलें?"

"कोण हा रस्ता करणारा?" मीं विचारलें.

"मेजर रामा राघोबा राणे. ते सुरुंग काढीत होते आणि आडवीं पडलेलीं झाडें बाजूला करीत होते, असें ह्यांत आहे. शत्रूवर चालून गेले असें कोठेंच नाहीं."

प्रश्न चांगला होता. चांगले प्रश्न विचारा म्हणून मीं आयुष्यभर मुलांना सांगितलें. तेव्हां उत्तर देणें भागच होतें, आणि मीं तें यथाशक्ति दिलें. पण तें ऐकून ती जें बोलली त्यानें गवार, वाती आणि माझा चष्मा हीं तिन्ही जागच्या जागीं थांबलीं. ती म्हणाली, "मग मीही तेंच करणार. बारावींत असतांना खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या परीक्षेला बसणार, आणि सैन्याच्या इंजिनिअर दळांत जाणार."

सूनबाईनें गवारीचें ताट दूर सारलें. "आणि संसार? सैनिकाचा संसार म्हणजे कसला संसार?" असें ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून, "बाबा, तुम्हींच सांगा हिला काय तें."

त्यापुढें झालेल्या वादाचें इतिवृत्त देऊन वाचकांस शिणविण्याचा माझा विचार नाहीं. परंतु ज्या घरांत शिकणारीं मुलें आहेत त्या प्रत्येक घरांत हा प्रश्न आज ना उद्यां निघावयाचाच. म्हणून नातीला दिलेलें उत्तर आधीं सांगतों, आणि सूनबाईला जें त्या रात्रीं देतां आलें नाहीं तें मागाहून.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. घराणें कारवारजवळच्या चेंडिया गांवचें. वडील पोलीस खात्यांत साधे शिपाई; त्यांच्या वारंवार बदल्या होत, आणि त्यामुळें मुलाचें शिक्षण आज ह्या गांवीं तर उद्यां त्या गांवीं असें झालें. १९३० सालीं देशांत कायदेभंगाची चळवळ पेटली, तेव्हां हा बारा वर्षांचा मुलगा तिच्याकडे ओढला गेला. सरकारी नोकर असलेल्या बापाला धास्ती वाटली आणि त्यांनीं बिऱ्हाड उचलून चेंडिया गांठलें. बापाची ही धास्ती कोणाही गृहस्थास समजण्यासारखी आहे. पण मनाला एकदां जी ओढ लागते ती गांव बदलल्यानें सुटत नाहीं. वयाचीं बावीस वर्षें पुरीं होतांच, १० जुलै १९४० रोजीं, हा मुलगा सैन्यांत शिपाई म्हणून दाखल झाला. आणि तोही बॉम्बे इंजिनिअर्स ह्या दळांत.

लष्करांतले जुने लोक ह्या दळाला 'सफरमैना' म्हणत. पुढें जाणाऱ्या आपल्या फौजेला वाट करून देणें आणि पाठीवर येणाऱ्या शत्रूची वाट मोडणें हा ह्या दळाचा धंदा. पूल बांधावयाचे ह्यांनीं, तोडावयाचे ह्यांनीं. सुरुंग पेरावयाचे ह्यांनीं आणि उपटावयाचेही ह्यांनींच. राणे शिकाऊ शिपायांत सर्वोत्कृष्ट ठरले व कमांडंटची मानाची छडी त्यांना मिळाली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत सव्विसाव्या डिव्हिजनबरोबर ते ब्रह्मदेशांत जपान्यांशीं लढले. आराकानांतून फौज मागें घेतांना त्यांची तुकडी बुथिडौंग येथील उपयुक्त सामग्री नष्ट करण्यासाठीं मुद्दाम मागें ठेवण्यांत आली होती. तिला आरमारानें उचलून न्यावें असा बेत होता, पण तो फसला. तेव्हां जपानी गस्तीच्या डोळ्यांत धूळ टाकून, नदी ओलांडून, हे लोक आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. ह्या कामगिरीबद्दल राणे हवालदार झाले. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार अशा एकेक पायऱ्या चढत १५ डिसेंबर १९४७ रोजीं ते सेकंड लेफ्टनंट झाले, तेव्हां त्यांचें वय एकोणतीस होतें. एवढ्या वयांत पुष्कळ अधिकारी मेजर होतात. पण जो पायरी पायरीनें चढतो त्याला प्रत्येक पायरीवरच्या माणसाचा भार ठाऊक असतो.

आतां एप्रिल १९४८. काश्मीरचें युद्ध सुरू होऊन सहा महिने होत आले होते. १८ मार्चला आपल्या फौजेनें झांगड परत घेतलें होतें आणि आतां नौशेऱ्याहून उत्तरेस राजौरीकडे जावयाचें होतें. ८ एप्रिलला चौथ्या डोग्रा पलटणीनें नौशेऱ्यापासून सुमारें ११ किलोमीटरांवरील बरवालीची धार काबीज केली. बरोबर सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे होते. पण रणगाड्यांना पुढें रस्ताच नव्हता. रस्ता होता तेथें झाडें तोडून आडवीं टाकलेलीं, मोऱ्या उडविलेल्या, आणि मातीखालीं सुरुंग पेरलेले. रणगाड्याची एक साखळी तुटली म्हणजे सुमारें चौदा टनांचें तें धूड जागींच बसतें. आणि अरुंद डोंगरी वाटेवर एक रणगाडा बसला म्हणजे मागची सारी रांगच बसते. ती वाट मोकळी करण्याचें काम ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडे होतें आणि त्या तुकडीचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट राणे.

काम सुरू होतें न होतें तोंच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. तुकडींतले दोघे ठार झाले, पांच जखमी झाले. त्या पांचांत राणे स्वतः होते. जखम मांडीला होती. ती बांधून ते पुन्हां कामाला लागले. सुरुंग काढणें म्हणजे काय, हें मीं नातीला सांगण्याचा प्रयत्न केला. संगिनीचें टोंक तिरपें धरून हलक्या हातानें जमीन चाचपावयाची. कांहीं कठीण लागलें तर बोटांनीं भोंवतालची माती दूर करावयाची. मग त्याची कळ निकामी करून तो उचलावयाचा. डोळे मातींत, दोन्ही हात मातींत, आणि डोक्यावरून गोळ्या जात असतात. लढणाऱ्या शिपायाला उलट वार करतां येतो, निदान त्या आवेशांत भीतीचा विसर पडतो. सुरुंग काढणाऱ्यास तीही सोय नाहीं. त्याला भीति वाटूं द्यावयाची, पण हाताला कांपूं द्यावयाचें नाहीं.

गोळीबार इतका होता कीं उघड्यावर काम करणें अशक्य झालें. तेव्हां राणे यांनीं एक युक्ति केली. ते रणगाड्याच्या पोटाखालीं शिरले आणि रणगाडा जसजसा पुढें सरके तसतसे खालून सरपटत जाऊं लागले. वर बसलेल्या चालकाला खालच्या माणसाचें बोलणें ऐकूं येणें शक्य नव्हतें. म्हणून दोन दोऱ्या बांधल्या. एक ओढली कीं चालवावा, दुसरी ओढली कीं थांबवावा. चालकाचा हात क्षणभर चुकला तर चौदा टनांचा भार अंगावरून जाणार. खालच्याचा हात चुकला तर रणगाडा सुरुंगावर चढणार. एकमेकांचें तोंड न पाहतां दोन माणसें अशी कोस न् कोस चालत राहिलीं.

हें एक दिवस चाललें नाहीं. ८ पासून ११ एप्रिलपर्यंत चार दिवस चाललें. वाटेंत चिंगस लागतें. तेथें मोगलांच्या वेळची सराई आहे, आणि १६२७ सालीं काश्मीरहून परततांना निधन पावलेल्या जहांगीर बादशहाचीं आंतडीं तेथें पुरलीं अशी प्रसिद्धि आहे. बादशहाच्या स्वारीसाठीं जो मार्ग वापरांत होता तोच एका पोलीस शिपायाच्या मुलानें सरपटत मोकळा केला. १२ एप्रिलला आपली फौज राजौरींत शिरली. तेथें अनेक महिने जीव मुठींत धरून राहिलेल्या लोकांना एक दिवस आधीं मदत पोंचणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

१९४७–४८ च्या ह्या युद्धांत पांच जणांना परमवीरचक्र देण्यांत आलें. त्यांपैकीं सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग आणि पिरू सिंग यांना तें मरणोत्तर मिळालें. तें स्वतःच्या छातीवर घेण्यास दोघेच उरले होते, राणे आणि करम सिंग. आजपर्यंत हें चक्र एकवीसच वीरांना मिळालें आहे आणि त्यांतले चौदा तें पाहण्यास राहिले नव्हते.

ह्या पदकाविषयीं एक गोष्ट आमच्या भगिनीवर्गास मुद्दाम सांगावीशी वाटते. तें घडविलें एका सैनिकाच्या गृहिणीनें. सावित्रीबाई खानोलकर ह्या जन्मानें स्विस. मूळचें नांव ईव्ह. विक्रम खानोलकर ह्या आपल्याकडील सेनाधिकाऱ्याशीं १९३२ सालीं त्यांनीं लग्न केलें आणि आपली भाषा, संस्कृत आणि पुराणें असें सारें आत्मसात् केलें. नव्या पदकाची आकृति सुचविण्याचें काम त्यांच्याकडे आलें तेव्हां त्यांनीं इंद्राचें वज्र निवडलें. तें वज्र, जें दधीचि ऋषींनीं दिलेल्या अस्थींतून झालें. दैव असें कीं, त्यांच्या मुलीच्या दिराला, म्हणजे मेजर सोमनाथ शर्मांना, तें पदक सर्वांत आधीं, आणि तेंही मरणोत्तर, मिळावें. पदक घडविणारी बाई आणि पदक मिळविणारा वीर एकाच सोयरिकींतले. सैनिकाचा संसार कसला, असें विचारणारांनीं ह्या घराकडे क्षणभर पाहावें.

येथपर्यंतचें उत्तर मीं नातीला दिलें होतें. पण सूनबाईचा प्रश्न वेगळा होता आणि तो अधिक कठीण होता. राणे यांचे ते चार दिवस सर्वांस ठाऊक असतात. त्यानंतर ते शेहेचाळीस वर्षें जगले, तें कोणी विचारीत नाहीं. १९५५ सालीं राजेश्वरीबाईंशीं त्यांचा विवाह झाला, संसार झाला, मुलेंबाळें झालीं. १९६८ सालीं ते मेजर म्हणून निवृत्त झाले, पुन्हां नेमणूक होऊन १९७१ पर्यंत सैन्याच्याच सेवेंत राहिले, आणि ११ जुलै १९९४ रोजीं पुण्यास वारले. पुढें कारवारच्या समुद्रकांठीं त्यांचा पुतळा उभा राहिला. २३ जानेवारी २०२३ रोजीं अंदमानांतील एका बेटाला त्यांचें नांव देण्यांत आलें. परंतु पुतळा आणि बेट ह्यांमधून माणसाचा गृहस्थाश्रम दिसत नाहीं. तो घरांतून दिसतो. आणि तसें एक घर मीं लहानपणीं आंतून पाहिलें आहे.

माझे एक सख्खे मामा ह्याच खडकीच्या दळांत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं मॅट्रिक होऊन नकाशे काढण्याच्या कामावर ते भरती झाले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांना मोठें पदक मिळालें नाहीं, त्यांचें नांव कोठें छापून आलें नाहीं. तें त्यांना रुचलेंही नसतें, म्हणून येथेंही देत नाहीं.

मामा वर्षाचे दहा महिने घरीं नसत. पण महिन्याच्या पांच तारखेच्या आंत मनिऑर्डर यावयाचीच, आणि तिच्या कुपनावरच्या चार बोटें जागेंत थोरलीची फी, धाकट्याचा खोकला, माडीवरचीं फुटकीं कौलें अशी सगळी चौकशी असावयाची. मुलांना येणाऱ्या पत्रांत एकेक गणित असे. एकदां माझ्या मामेभावाला त्यांनीं विचारलें, बेली पुलाची एक चौकट दहा फूट लांब असते. सत्तर फुटांचा एकेरी पूल बांधावयाचा तर किती चौकटी लागतील? त्यानें ऐटीनें उत्तर पाठविलें, सात. पंधरा दिवसांनीं मामांचें पत्र आलें. "चूक. चौदा. पुलाला दोन बाजू असतात, हें विसरूं नये." तें पत्र आम्हां सर्व मुलांस पाठ झालें होतें.

रजेवर आले म्हणजे मामा पुरते घरचे होत. पहांटे उठून विहिरीचें पाणी काढीत, सर्वांच्या सदऱ्यांच्या गुंड्या लावून देत, मामीच्या बरोबरीनें पापड लाटावयास बसत. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हंसत. आजी म्हणे, "अरे, सुभेदार ना तूं?" त्यावर मामा सांगत, "आई, तेथेंही हेंच करतों. फक्त तेथें कोणी हंसत नाहीं." आपल्या मुलीला त्यांनीं मॅट्रिकच्या पुढें शिकविलें, आणि स्थळें सांगून येत असतांही तिची परीक्षा होईपर्यंत कोणाचें ऐकिलें नाहीं.

१९६५ च्या सप्टेंबरांत आजी वारली. मी तेव्हां आठ वर्षांचा होतों आणि आईबरोबर आजोळींच होतों. मामांना तार केली. पण ६ सप्टेंबरापासून पंजाबच्या सरहद्दीवर युद्ध पेटलेलें. सगळ्यांच्या रजा बंद. अग्नि धाकट्या मामांनीं दिला. २३ तारखेस युद्ध थांबलें आणि दिवाळीच्या तोंडावर मामा घरीं आले. ओटीवर वडीलधारी मंडळी बसली होती. त्यांतले एक आजोबा म्हणाले, "आईच्या तोंडांत पाणी घालावयास ज्याला सवड नाहीं, त्याची ती नोकरी कसली आणि तो मुलगा तरी कसला?" मामा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पायांवर पाणी घेतलें, सर्वांना नमस्कार केला आणि ते आंत गेले.

त्या रात्रीं माजघरांत कंदील घेऊन ते बसले. समोर मामी. त्यांनीं एक वही काढली आणि आजीच्या शेवटच्या आठ दिवसांची हकीकत एकेक प्रहर विचारून तींत टिपून घेतली. ताप केव्हां चढला, वैद्यबुवा काय म्हणाले, आजी काय बोलली, पाणी कोणीं पाजलें, शेवटीं डोळे कोणाकडे होते. मी बाजूला बसून त्यांच्या पेन्सिलीला टोंक करून देत होतों. मध्यें एकदां पेन्सिल थांबली, आणि पुष्कळ वेळ थांबूनच राहिली. मग त्यांनीं मला विचारलें, "तूं होतास ना रे तेथें? तुझी आजी माझें नांव घेत होती का?" मीं होय म्हटलें. तें खरें होतें. मामांनीं तेंही लिहून घेतलें.

पुढें मोठेपणीं मीं एकदां मामीला विचारलें, "मामी, इतकीं वर्षें तुम्हीं एकटीनें कशीं काढलींत?" मामी स्पष्टवक्ती होती. ती म्हणाली, "रोज संध्याकाळीं घरीं येणारे नवरे तरी कोठें घरीं असतात रे? हे दहा महिने नसत. पण दोन महिने असत ते पुरते असत." मी ह्या उत्तरानें खूष होणार इतक्यांत ती पुढें म्हणाली, "पण त्याचें गाणें करूं नकोस. धाकट्याला गोंवर निघाला होता, तेव्हां चार रात्री मी एकटी बसलें होतें. तसें बसल्याशिवाय तें कोणाला समजायचें नाहीं." हीं दोन्ही वाक्यें खरीं आहेत. पहिलें सांगावें आणि दुसरें लपवावें, किंवा दुसरें सांगून पहिलें गिळावें, हें शिकल्यासवरल्या माणसास शोभत नाहीं.

पण मीं नेमकें तेंच केलें होतें. आतां जें सांगावयाचें तें सांगतांना मला संकोच वाटतो.

१९९९ सालीं माझा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्यानें प्रबोधिनीच्या परीक्षेचा अर्ज आणला. त्यावर पालकाची सही हवी होती. ते कारगिलच्या युद्धाचे दिवस होते. दूरदर्शनवर रोज तिरंग्यांत गुंडाळलेल्या पेट्या दिसत. मीं अर्ज टेबलाच्या खणांत ठेवला आणि 'पाहूं, पाहूं' म्हणत मुदत जाऊं दिली. नकार दिला असता तर त्याला भांडतां तरी आलें असतें. तेवढेंही धैर्य मला झालें नाहीं. वर मीं त्याला बुद्धि, घराण्याची परंपरा, आईची प्रकृति अशीं कितीएक कारणें ऐकविलीं. त्यांतलें एकही खरें नव्हतें. खरें कारण भीति हें होतें, आणि तिला मीं विवेकाचें धोतर नेसविलें होतें. शाळेंत त्याच वर्षीं पंधरा ऑगस्टला वीरमरणावर भाषण मींच केलें. दुसऱ्यांच्या मुलांसाठीं टाळ्या आणि आपल्या मुलासाठीं टेबलाचा खण, असा तो माझा देशाभिमान होता.

मुलगा पुढें इंजिनिअर झाला, चांगल्या नोकरीस लागला. त्या अर्जाविषयीं सव्वीस वर्षांत तो अवाक्षर बोलला नव्हता. परवांच्या रात्रीं, आपल्या बायकोची आणि मुलीची झटापट ऐकत तो दारांत उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, मी निवडला गेलोंच असतों असें नाहीं. बहुधा नापासच झालों असतों. पण नापास होण्याचा माझा हक्क त्या खणांत राहिला."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर बरें झालें असतें, असें मला रात्रभर वाटत राहिलें.

सकाळीं मीं सूनबाईला एकटीला बोलावलें आणि मामामामींची ही सारी हकीकत सांगितली. गोंवराच्या चार रात्रींसह. ती म्हणाली, "बाबा, मला भीति वाटते." मीं म्हटलें, "वाटणारच, मलाही वाटते. फक्त आपण ती भीति म्हणूनच मुलीला सांगूं. तिला दुसरें नांव द्यावयाचें नाहीं." ह्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "प्रबोधिनींत मुलींना खरोखर घेतात का?" मीं सांगितलें, घेतात. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती परीक्षा मुलींना खुली करविली, २०२२ त पहिली तुकडी आंत गेली, आणि ३० मे २०२५ रोजीं सतरा मुली तेथून शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. "म्हणजे सतरा आयांनीं हो म्हटलें," ती म्हणाली, आणि चहा टाकावयास आंत गेली. ह्याला संमति म्हणावें कीं नाहीं, हें मला अद्याप कळलेलें नाहीं.

परीक्षेला अजून अवकाश आहे. त्या वयाचें मन. कदाचित् पुढच्या दिवाळीला नातीला आणखी कांहीं व्हावेंसें वाटेल. न वाटलें तरी ती निवडली जाईल असें नाहीं. पण टेबलाचा तो खण मीं रिकामा करून ठेवला आहे, आणि तिला सांगितलें आहे कीं कागद येईल त्या दिवशीं ह्या घरांत तो कोणीही दडविणार नाहीं.

वाचकहो, प्रत्येक घरानें आपलें मूल सैन्यांत धाडावें असा उपदेश मी करीत नाहीं. तो करण्याचा अधिकार मीं १९९९ सालींच गमावला. माझें मागणें लहान आहे. मुलानें विचारलें तर त्याला खरें कारण सांगावें. आणि दुसरें असें कीं, आपल्या आळींत, आपल्या वाड्यांत, एखाद्या सैनिकाचें घर असेलच. तेथील बाई दहा महिने पुलाची एक बाजू एकटीनें उचलून धरीत असते. तिच्या मुलाला ताप आला तर एक रात्र जाऊन बसावें. म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना दवाखान्यांत न्यावयाचें असेल तर आपण न्यावें. तो घरीं वेळेवर पोंचला नाहीं म्हणून ओटीवर बसून त्याला बोल लावूं नये. माझ्या आजोळच्या त्या ओटीवर तेव्हां एकानें जरी उठून मामांच्या पाठीवर हात ठेविला असता, तरी त्या वहीचें ओझें थोडें हलकें झालें असतें.

ती वही आतां माझ्याकडे आहे. मामी गेल्यावर मामेभावानें ती मला आणून दिली. पेन्सिलीचीं अक्षरें पुसट झालीं आहेत, पण वाचतां येतात. नातीला ती दाखवावी म्हणतों. संस्कृत बेताचें असलें तरी मराठी ती चांगली वाचते.